राणीने लुगडं नेसायची खोली

आमच्या ह्यांचं नाव तुलसीराम. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं आईने शिकवलं होतं, पण जो माणूस बारा वर्षं प्लेन दे पपाय ह्या आमच्या गावच्या बैठकेत राणी झाला, त्याचं नाव न घेता ही गोष्ट सांगायची कशी? म्हणून घेते. दिवसभर हे आमच्या बेटाच्या राजधानीची, पोर्ट लुईची बस चालवायचे, नि वर्षातून एकदा, नाटकाच्या दिवशी, मिशी उतरवून माझ्यासमोर उभे राहायचे. मी त्यांना लुगडं नेसवायची, दंडाला भांडी घासायच्या राखेने घासून उजळलेल्या वाक्या चढवायची नि म्हणायची, आता पोट आत घ्या.

बैठका म्हणजे आमचा मराठी लोकांचा हॉल. आठवड्यातून तीन संध्याकाळी पोरांची मराठी शाळा, गणपतीत आरत्या, लग्नात पंगती, नि वर्षातून एकदा नाटक. बायकांनी नाटक बघायचं, पुरुषांनी बायका व्हायचं, असंच चालत आलेलं. मी गावची शिंपीण, म्हणून पडद्यामागे मला जागा होती. पण स्टेजवर बाईने पाऊल टाकायचं ते फक्त झाडू घेऊन.

अठ्ठ्याहत्तर सालच्या नाट्यस्पर्धेचं पत्र आलं नि त्यात लिहिलेलं, की यंदापासून मुख्य बाईचं काम बाईनेच करायचं, नाहीतर नाटक घेतलं जाणार नाही. ह्याला कारण आमचंच गाव होतं असं मला अजून वाटतं. मागल्या वर्षी परीक्षक समोर बसलेले असताना आमची राणी शिंकली. बस ड्रायव्हरची शिंक ती. राजा मेलेला पडला होता, तो दचकून उठून बसला.

पत्र वाचून बलराम गुरुजींनी कपाळाला हात लावला. बलराम गुरुजी म्हणजे बैठकेचे मास्तर, नाटक लिहिणारे, बसवणारे, नि कुणी ओळ विसरला तर विंगेतून त्याला खाऊ की गिळू करणारे. आमच्या ह्यांनी मात्र पत्र दोनदा वाचून घेतलं नि म्हणाले, "सुटलो बाबा." त्या रात्री मिशीला तेल लावून झोपले.

आता राणी कोण? मला विचारू नका. मला शिवण येतं, पाठांतर येत नाही, नि राजाने आवाज चढवला तर मी खरोखरच भांडण काढीन. पण बैठकेत लहान पोरांना मुळाक्षरं शिकवायला एक जण यायची, इंद्राणी. मोका गावची मुलगी, चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आमच्या गावात आलेली. गुरुजींनी सहज म्हणून तिला राणीची दोन पानं वाचायला दिली. मी कोपऱ्यात मशीन चालवत होते. आमचं नाटक दर वर्षी एकच, त्यात राणी पहिल्या अंकात तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन अंगाई म्हणते, मग राजा पडल्याची खबर येते, मग ती पोराला दाईच्या हाती देते नि स्वतः गड लढवते. इंद्राणीने दाईला "जा" म्हटलं, एवढंच, एकच शब्द, नि माझा मशीनवरचा पाय थांबला. बारा वर्षं तो शब्द मी ऐकत होते, पण त्यात एवढं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं.

"काकी, मला हे करायचंय," ती मला नंतर म्हणाली. "काहीही झालं तरी करायचंय. पण आई नाही म्हणतील."

आई म्हणजे तिची सासू, कुंतीमावशी. उंच, वाळकी, ताठ बाई, नवरा गेल्यावर ऊस तोडून तोडून एका मुलाला वाढवलेली. तो मुलगा चंद्रमोहन, पोर्ट लुईला गोदीवर कामाला. भला माणूस, पण त्याला काही विचारलं की तो आईकडे बघायचा. तेव्हा जे काही होतं ते कुंतीमावशीच्या हातात होतं.

गुरुजी नि मी तिच्या घरी गेलो. तिने आमचं ऐकून घेतलं, चहा दिला, नि म्हणाली, "लुगडं कुठे बदलणार ती?"

"खोली आहे की मागे," मी म्हटलं.

"बघू चल."

आता त्या खोलीचं काय सांगू. स्टेजच्या मागे दहा हात लांब, आठ हात रुंद, वर पत्रा. बाई असो की पुरुष, राजा असो की शिपाई, सगळ्यांना रंगायला तीच एक. एका भिंतीला गावच्या लोकांची खताची पोती रचलेली, कारण ऊसतोडणी संपेपर्यंत दुसरीकडे कोरडी जागा नसायची. दुसऱ्या कोपऱ्यात लग्नाच्या कढया, एकात एक घातलेल्या. खिडकीला काच नाही, पुठ्ठा. खताचा वास असा, की पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी. आम्हाला सवय होती.

कुंतीमावशी उंबऱ्यात उभी राहिली, आत आली नाही. हात पाठीमागे बांधून तिने पोती बघितली, कढया बघितल्या, वर पत्र्यावर पाल होती ती बघितली.

"माझ्या सुनेला तुम्ही राणी करताय ना?"

"हो, मावशी."

"मग राणी असल्या खोलीत लुगडं नेसते काय? सात पुरुषांच्या मध्ये, खतात? खोली राणीला शोभेल अशी करा. मग मी अडवणार नाही. शब्द देते." नि गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गेल्यावर मी गुरुजींना म्हटलं, "ही बाई नाही म्हणत नाहीये, आपल्याला हसतेय. होणार नाही असं धरून चाललीय." गुरुजी म्हणाले, "मग होणार आहे का?" मी म्हटलं, "आहे. शब्द दिलाय तिने. मी तिला असली खोली दाखवते, की तिलाच तिथून उठवत नाही."

नाटकाला महिना होता. खोली मी करायला घेतली ती रागाने, हे कबूल करते.

पोती हलवता येत नव्हती, मग ती सारखी लावून घेतली, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर माझ्या लग्नातली गादी, गादीवर जांभळं कापड ओढून खाली झालर लावली. दिवाण झाला. कढया उपड्या करून एकीवर एक रचल्या, वर कापड घातलं, नि ते झालं पावडर-कुंकू ठेवायचं मेज. पत्र्याखाली निळं कापड चारी कोपऱ्यांना ताणून छत केलं, मधे किंचित झोळ दिला, पाल कुठे गेली कोण जाणे. चहाच्या कारखान्यातून आलेल्या पेट्यांना आत चांदीचा कागद असतो, तो सोडवून, त्यावर पिवळं वार्निश फिरवून त्याच्या सोनेरी पट्ट्या कापल्या नि भिंतीला हातभर अंतराने लावल्या. वासासाठी वाळ्याची मुळं आणली, ओली करून खिडकीत टांगली. वारा आला की खोली गार नि सुगंधी. खत गेलं.

उरला तो ऐवज आमच्या ह्यांनी आणला, बसमधून. पोर्ट लुईत एक थिएटर बंद पडलं होतं, तिथली बाल्कनीची एक खुर्ची, लाल मखमलीची, हातांना पितळी बटणं. ती बसच्या शेवटच्या बाकावर ठेवून आणली, नि एक म्हातारा पूर्ण रस्ता तिच्यात बसून आला, उतरायलाच तयार नव्हता. उत्तरेकडच्या एका हॉटेलात ह्यांचा भाचा माळी, त्याने टाकून द्यायचा गालिचा पाठवला, एका बाजूला जळका. जळकी बाजू दिवाणाखाली. न्हाव्याने पुरुषभर उंचीचा आरसा आठ दिवसांसाठी दिला. नि सगळ्यात शेवटी पडदा. आम्ही पडद्याला रिदो म्हणतो. तो लाल रिदो मी चार रात्री बसून शिवला, सोनेरी काठाचा, वरपासून खालपर्यंत, नि तो खोलीच्या बरोबर मधे टांगला. इकडे पुरुष, तिकडे बाई. तिकडल्या दाराला आतून कडी.

झाल्यावर मी दारात उभी राहिले नि मला रडू आलं. मी आयुष्यात एवढी छान खोली पाहिली नव्हती, नि ती मी केली होती.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. हे छत, ह्या सोनेरी पट्ट्या, खुर्ची, गालिचा, आरसा, लाल रिदो, हे सगळं नाटकाचं होतं. राणीचा महाल. स्टेजवर लावायला म्हणूनच आम्ही जमवलेलं. माझा बेत असा, की कुंतीमावशीला खोली दाखवायची, तिचा होकार घ्यायचा, नि नाटकाच्या दिवशी सकाळी सामान उचलून स्टेजवर न्यायचं. गुरुजींना पटलं, ह्यांना पटलं. सहा शिपाई नि एक राजा, कुणाच्याही डोक्यात शंका आली नाही. नाटकवाल्यांची खोडच ही. आम्हाला वाटतं, पाहणाऱ्याने एकदा पाहिलं, वा म्हटलं, की झालं. खोली तिने बघायला मागितली नव्हती, सुनेला नाटकाच्या दिवशी वापरायला मागितली होती, हे आमच्या एकाच्याही लक्षात येऊ नये म्हणजे काय.

कुंतीमावशी आली. ह्या वेळी आत आली, चप्पल बाहेर काढून. रिदोचा काठ तिने बोटांत धरून बघितला, शिवण उलटून बघितली. गादीवर हात दाबला. आरशात स्वतःला बघितलं नि पदर सारखा केला. मग मखमलीच्या खुर्चीत बसली, नि बराच वेळ बसून राहिली.

"बाईची बाजू ही?"

"हीच, मावशी."

"कडी लागते?"

मी लावून दाखवली. तिचा चेहरा खूश झालेल्या माणसाचा नव्हता, हे तेव्हाच मला दिसायला हवं होतं. पण मी माझ्याच पराक्रमात. शेवटी ती म्हणाली, "बरं. शब्द दिला होता." इंद्राणी दाराबाहेर उभी होती, तिने माझा हात असा दाबला की बांगडी वाढवली.

नाटक रविवारी दुपारी दोन वाजता. परीक्षक मोका गावाहून येणार. सकाळी दहाला मी, हे नि दोन शिपाई सामान न्यायला खोलीकडे गेलो. दार ढकललं, तर आतून कडी.

"कोण?" आतून आवाज.

कुंतीमावशी. तिने कडी काढली. सकाळी आठपासून येऊन बसली होती. मांडीवर विणकाम, शेजारी डब्यात गातो पिमां, आमच्या डाळीच्या तिखट वड्या, दिवसभर पुरतील एवढ्या. दिवाणावर इंद्राणी ओळी घोकत बसलेली.

"सून रंगणार, लुगडं नेसणार, मी इथेच आहे," मावशी म्हणाली. "नाटक संपेपर्यंत. तू तुझं काम कर."

मी दार लावून बाहेर आले. गुरुजी स्टेजवरून हाक मारत होते, "चंपा, महाल कुठाय?" स्टेजवर एक झाडू होता नि मागे पांढरी भिंत.

"महालात कुंतीमावशी बसलीय," मी म्हटलं.

गुरुजी मटकन खाली बसले. ह्यांनी मिशीवर हात फिरवला नि म्हणाले, "मी सांगत होतो." काही सांगत नव्हते. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा नाहीतर आज परत लुगडं नेसवीन.

महाल काढला तर मावशी सुनेला घरी नेणार, मग राणी नाही, मग नाटक नाही. महाल नाही काढला तर राणी भिंतीसमोर झाडूशेजारी बसून अंगाई म्हणणार, नि परीक्षक हसणार. गेल्या वर्षीसारखे. पण खरं सांगू, मला परीक्षकांची पडलेली नव्हती. मला त्या पोरीची पडली होती. चार वर्षांत पहिल्यांदा तिने काही मागितलं होतं, नि ते माझ्या हुशारीने तिच्या तोंडातून जाणार होतं.

मग मी चोरी सुरू केली. दुसरा शब्द नाही त्याला.

आधी गालिचा. "मावशी, पाय जरा वर घ्या, धूळ झटकून आणते." तिने पाय वर घेतले. गालिचा स्टेजवर गेला. मग आरसा. "पुरुषांना मिशा लावायच्यात, त्यांना दिसत नाही." आरसा गेला. मग छत. "उकडतंय ना, जरा मोकळं करते." छत निघालं, नि वर पाल तिथेच होती. सोनेरी पट्ट्या मी काही न बोलता काढल्या, एकेक, शिट्टी वाजवल्यासारखं तोंड करून. कुंतीमावशी विणत होती. दर वेळी नुसतं "हं" म्हणायची. तो "हं" काही मला आवडत नव्हता. इंद्राणी माझ्याकडे बघत होती नि तिच्या ओठांवरचा रंग सोडून बाकी चेहरा पांढरा झाला होता.

साडेबारा वाजता खोलीतून न्यायचं उरलं काय, तर खुर्ची नि लाल रिदो. खुर्चीत मावशी. रिदोच्या आड इंद्राणी, आता अर्धं लुगडं नेसलेली, नि रिदोच्या अलीकडे सात पुरुष दाढ्या चिकटवत उभे. बाहेर गुरुजी खिडकीतून हातवारे करत होते.

मी मावशीसमोर जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं नि थाप येईना. सकाळपासून एवढ्या मारल्या होत्या, संपल्या असाव्यात.

"मावशी, उठा खुर्चीतून," मी म्हटलं. "हे सगळं नाटकाचं आहे. खुर्ची, रिदो, जे नेलं तेसुद्धा. खोली राणीची वगैरे काही नाही. पोती इथेच आहेत, तुम्ही बघताय त्या गादीखाली. तुम्हाला फसवलं. माझी अक्कल, गुरुजींची नाही, पोरीची तर मुळीच नाही. काय बोलायचंय ते मला बोला."

पुरुषांनी एकेक करून दाढ्या हातात घेऊन बाहेरचा रस्ता धरला. मावशीने सुया टोचून विणकाम गुंडाळलं, डब्याचं झाकण लावलं.

"इंद्राणी, चल घरी."

तेव्हा माझा तोल गेला. "चल घरी? का म्हणून? तिथे बाहेर दोनशे माणसं येताहेत. कडी आहे, दार आहे, मी आहे, मी दारात उभी राहीन सुरी घेऊन. एका कापडासाठी पोरीचा जीव घेताय तुम्ही. गेला एक महिना ती झोपेत ओळी म्हणत असेल, ऐकू नाही आल्या तुम्हाला?"

"ऐकू आल्या," कुंतीमावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कापडाचं काय घेऊन बसलीस, चंपा. पहिल्या अंकात तिच्या मांडीवर मूल आहे. लग्नाला चार वर्षं झाली तिच्या. नळावर बायका काय बोलतात ते मी ऐकते, मी पाणी भरायला जाते तेव्हा गप्प होतात, पण वळणावर येईपर्यंत ऐकू येतं. आता त्याच बायका पुढच्या रांगेत बसणार. माझी सून चिंध्यांचं पोर मांडीवर घेणार, नि त्या एकमेकींना कोपरं मारणार. म्हणून राणीची खोली मागितली. वाटलं, ह्यांच्याकडून व्हायची नाही, मला नाही म्हणावं लागणार नाही. तर तू करून बसलीस. मग मला शब्द मोडता येईना. आज तूच मोडलास. बरं झालं."

माझा सगळा राग एकदम कुठे गेला तेही कळलं नाही. महिनाभर मी जिला खडूस म्हणत होते ती बाई भीतीने सुकत होती, नि मी तिच्यासमोर झालरी लावत होते.

रिदो बाजूला झाला. इंद्राणी बाहेर आली. निऱ्या हातात धरलेल्या, कासोटा अजून मारायचा, कपाळावर राणीची चंद्रकोर.

"आई, ते मलाही माहीत आहे," ती म्हणाली. "नळावर रोज मीच जाते ना, तुम्ही आठवड्यातून एकदा. माझ्यासमोर त्या गप्पसुद्धा होत नाहीत." तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "चार वर्षं त्या बोलताहेत नि मी ऐकतेय. आज दोन तास त्यांना तोंड मिटून बसावं लागेल. मी बोलणार, त्या ऐकणार. मला तेवढंच हवंय. मूल मांडीवर आहे म्हणूनच हवंय, आई."

बाहेर गुरुजी कुणावर तरी ओरडत होते. कुंतीमावशी सुनेकडे बघत राहिली. मी मनात गणपतीला नवस बोलले, काय बोलले ते आठवत नाही.

मग मावशी खुर्चीवरून उठली. सुनेच्या हातून निऱ्या घेतल्या, त्या पुन्हा सारख्या घातल्या, गुडघ्यावर बसून कासोटा आवळला, नि म्हणाली, "पदर डोक्यावरून घे. राणी आहेस, नळावर चाललेली नाहीस." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "चंपा, ती खुर्ची घेऊन जा की, काय बघत बसलीस."

माझा जीव भांड्यात पडला, नि मला हुंदकाच फुटला. मी खुर्ची डोक्यावर घेतली नि धावले. रिदो काढायला गेले तर मावशीने एक टोक आधीच सोडवलं होतं. त्याच्या जागी तिने आपल्या अंगावरची शाल नि माझी शिवणाची चादर एकत्र बांधून लावली, नि दारात जाऊन उभी राहिली. दाढी विसरलेला एक शिपाई आत यायला बघत होता, त्याला तिने बाहेरच्या बाहेर हाकलला. बिचाऱ्याने शेवटपर्यंत बिनदाढीचं काम केलं.

दोन वाजता पडदा उघडला. परीक्षक आले होते, हॉल भरला होता, दारांत माणसं उभी होती. महाल लागला होता, नि खरं सांगायचं तर खोलीत जेवढा शोभत होता तेवढा स्टेजवर शोभत नव्हता. पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. इंद्राणीने चिंध्यांचं बाळ मांडीवर घेतलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नि अंगाई सुरू केली. मी विंगेतून बघत होते. पुढच्या रांगेत नळावरची सगळी मंडळी, मधोमध पुष्पावती, जिची जीभ कधी वाळत नाही. पहिल्या ओळीला तिने शेजारणीकडे मान वळवली. दुसऱ्या ओळीला मान परत सरळ झाली. मग ती हलली नाही. इंद्राणीने "जा" म्हटलं, बाळ दाईच्या हाती दिलं, नि रिकाम्या हातांकडे बघितलं, हे नाटकात लिहिलेलं नव्हतं. गुरुजी पुस्तक हातात घेऊन उभे होते, ते पान उलटायचं विसरले.

कुंतीमावशी खोलीच्या दारातून कधी विंगेत आली मला कळलं नाही. माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. तिने माझा दंड धरला होता, नि नाटक संपेपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटं उमटलेली होती.

नंबर आमचा दुसरा आला. गुरुजींना अजून वाटतं पहिला यायला हवा होता, दाढीमुळे गेला.

नाटक संपल्यावर मी खोलीत गेले. दिवाणाची गादी सरकून पोती उघडी पडली होती, कढया जागेवर, वासही परत आला होता. एका पोत्यावर इंद्राणी बसली होती नि कुंतीमावशी खोबरेल लावून तिच्या गालांवरचा रंग पुसत होती. पोरीचा चेहरा असा मोकळा मी त्याआधी पाहिला नव्हता.

दारात बायकांची गर्दी झाली. सगळ्यांच्या पुढे पुष्पावती, पदराने नाक पुसत. आत यावं की नाही कळेना तिला. शेवटी तिथूनच म्हणाली, "इंद्राणी, रडवलंस गं बाई. माझी चार आहेत, पण मला असं कधी..." नि तिने तोंड पदरात खुपसलं.

कुंतीमावशीने मान वर केली. हातातलं खोबरेलाचं फडकं बाजूला ठेवलं.

"हेच उद्या नळावर बोल, पुष्पावती," ती म्हणाली. "मी सकाळी येते ऐकायला."

पुष्पावतीने मान हलवली. मागच्या बायकांनीही हलवली. मी एक पोतं ओढलं, त्यावर बसले, नि सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता तो मागून घेतला.